बाहुलीचा डावा बूट

माझ्या हातून आजवर जितके बूट झाले, त्यांतला एकही चालून झिजलेला नाही. माझं गिऱ्हाईक कधी 'टाचेला चावतो' म्हणून परत आलं नाही, पावसात भिजून कुणाचा तळ सुटला नाही, की देवळाबाहेरून कुणाचा जोड चोरीला गेला नाही. असा सुखाचा धंदा दुसरा नसेल. मी बाहुल्यांसाठी मण्यांचे बूट करते. जुन्या पनवेलमध्ये, तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून चाळीसेक वर्षं मी हेच करत आले आहे. गल्लीत मला बूटवाल्या काकू म्हणतात. नवीन पोस्टमन आला की तो आधी खाली चपलांचं दुकान शोधतो.

बाहुलीचा बूट केवढा असतो, हे ज्याला-त्याला दाखवावं लागतं. भुईमुगाची एक दाण्याची शेंग घ्या, साधारण तेवढा. त्याचा तळ मी जुन्या रबरी स्लिपरमधून कापते. वर चढवायचे मणी मोहरीएवढे, काचेचे. दोरा म्हणजे तंगूस, मासे धरायच्या गळाला लावतात तोच, पण त्यातला सगळ्यात बारीक. तो मी जाळी-गळ विकणाऱ्या दुकानातून आणते. तिथला मालक पहिल्यांदा म्हणाला होता, "बाई, याने मासा नाही यायचा." स्टीलच्या ताटात जुन्या मखमलीचा तुकडा पसरायचा, त्यावर मणी ओतायचे, म्हणजे ते घरंगळत नाहीत. माप घ्यायची माझी पद्धत स्वयंपाकघरातली आहे. पोळ्यांच्या कणकेचा एक गोळा बाजूला ठेवायचा आणि बाहुलीचं पाऊल त्यात दाबायचं. सगळा पाय त्यात उमटतो. मग टाचेपासून सुरुवात करून तळाच्या कडेने मण्यांची ओळ फिरवायची, तिच्यात दुसरी अडकवायची, असं करत भिंत वर न्यायची आणि पुढे चवड्याला मणी कमी करत आणून बूट मिटवायचा.

पहिला बूट कुणालाही जमेल. खरी परीक्षा दुसऱ्याची. कारण दुसरा पहिल्यासारखा करायचा नसतो, त्याच्या उलटा करायचा असतो, आणि हाताला तर एकदा शिकलेलीच वाट पुन्हा धरायची सवय असते. मला हे काम शिकवलं आमच्या बिऱ्हाडाशेजारी राहणाऱ्या एका बाईंनी. त्या रुखवताची कामं घेत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पहिला बूट उजवीकडून विणत ने, दुसरा डावीकडून. मी नव्या उत्साहात ते विसरले. एका लग्नाच्या रुखवतात नवरा-नवरीची बाहुली मांडली होती, नवऱ्याचे बूट माझ्या हातचे. वरपक्षातले एक काका खाली वाकले, चष्मा वर केला आणि भर मांडवात मोठ्याने म्हणाले, "अहो, आमच्या नवरदेवाला दोन्ही पाय डावेच दिलेत तुम्ही!" सगळा मांडव हसला. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. मी तिथून जेवण न करताच घरी आले.

त्या दिवसापासून माझ्यात एक खोड शिरली. जोड हातावेगळा करण्याआधी मी दोन्ही बूट तळाला तळ लावून उजेडात धरते. एका मण्याचा फरक दिसला तरी उसवते. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी उसवते. माझ्या जोडात फरक काढून दाखवा, असं मी भल्याभल्यांना म्हटलेलं आहे. या खोडीचा मला फार अभिमान होता. तिच्यापायीच पुढे माझ्या हातून जे झालं, ते सांगायला मी आज लिहायला बसले आहे.

त्याआधी उरणकडच्या एका म्हाताऱ्याबद्दल थोडं सांगते, कारण तो मला तेव्हा कळला नव्हता. नातीच्या रुखवतात कोळी-कोळणीची बाहुली मांडायची म्हणून घरातल्या बायका त्याला घेऊन आल्या होत्या. त्या बायकांना कोळी-कोळीण दोघांनाही सोनेरी मण्यांचे बूट हवे होते. मी झटून केले. म्हाताऱ्याने ते तळहातावर घेतले, हुंगल्यासारखे जवळून पाहिले आणि खाली ठेवले.

"होरीवर बूट घालून कोन जातो?" तो म्हणाला. "घसरून परंल पान्यात."

मी म्हटलं, "अहो बाबा, बाहुली आहे ती."

"बावली जाली म्हनून काय जाला? कोलीच हाय ना तो?"

शेवटी बूट उसवले, कोळ्याचे पाय उघडेच ठेवले आणि कोळणीच्या पायात नुसत्या मण्यांच्या साखळ्या घातल्या. म्हातारा खूश झाला. मी मात्र आठवडाभर तणतणत होते, की कलेतलं काही कळत नाही या लोकांना.

आता दुर्वाकडे येते.

सहा वर्षांपूर्वी गव्हाणहून हिराबाई नावाच्या एक आजी माझा पत्ता शोधत आल्या. उमेदीत मिठागरात राबलेली बाई, आता मुलांनी बांधलेल्या तीनमजली घरात राहणारी. पण घरात बसवत नाही म्हणून रोज कुठेतरी निघणारी. सोबत सहा वर्षांची नात, हीच दुर्वा. तिच्या काखेत एक बाहुली होती, अंग कापडाचं आणि हातपाय पोकळ प्लॅस्टिकचे. दुर्वाच्या पायात साध्या चपला होत्या आणि ती डावा पाय चवड्यावर टेकवून उभी होती. जिना चढताना तिच्या पावलांचा आवाज मी आतून ऐकला होता, एक पाऊल जड आणि एक हलकं.

हिराबाईंनी कापडी पिशवीतून एक काळा शाळेचा बूट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्याचा तळ चांगला दोन बोटं जाड होता.

"ताई, ही तान्ही व्हती तवा मांडीच्या हाडात पू जाला," त्या म्हणाल्या. "डाक्टरांनी काढला, पन हाड वाढायचा थांबला. आता हा बूट नाय घातला तर कंबर वाकडी व्हईल असा डाक्टर बोलला हाय. आनि ही बाय घालीत नाय. शालेत पोरां चिडवतान."

"काय म्हणतात?" मी दुर्वाला विचारलं.

तिने बाहुली काखेत घट्ट धरली. आजीच बोलल्या. "हाय हील आली, हाय हील आली, असा म्हनतान. बूट फेकून देते ही. मारून झाला, समजावून झाला. आता बोलते, माज्या चिमीला तसाच बूट असंल तर मी पन घालीन. तुमच्या हातात हाय बगा आता."

चिमी म्हणजे ती बाहुली. दुर्वाने तिला ताटाशेजारी आडवं ठेवलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "सेम पाहिजे. सेम टू सेम."

मी म्हटलं, त्यात काय आहे? इतक्या वर्षांत याहून अवघड कामं केली आहेत. त्या गेल्यावर मी कणकेत चिमीचे दोन्ही पाय दाबले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाहुलीचे पाय सारखे होते. सारख्या पायांच्या बाहुलीला एकच बूट जाड तळाचा घातला, तर ती उभी राहणार नाही, कलंडणार. दुर्वाला तो बूट सरळ उभं करत होता, चिमीला तोच आडवं पाडणार होता.

दोन दिवस विचार केला आणि मग मी एक युक्ती काढली. तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली होती. डाव्या बुटाचा तळ मी जाड केला, पण आतून कोरून पोकळ ठेवला. पाऊल आत घातलं की ते थेट खालपर्यंत उतरायचं. बाहेरून बघणाऱ्याला जाड तळ दिसणार, आतून दोन्ही पाय एकाच पातळीवर. चिमी ताठ उभी राहिली. वर मी माझी हौसही भागवून घेतली. काळ्या बुटाऐवजी पांढरे आणि निळे मणी घेतले, जाड तळाच्या भिंतीवर बारीक फुलं काढली आणि त्या फुलांना शोभतील अशी फुलं उजव्या बुटावरही काढली, म्हणजे जोड कसा जोडासारखा दिसेल. मला तर वाटत होतं, याच्याइतकं देखणं काम माझ्या हातून आधी झालंच नाही.

हिराबाई आणि दुर्वा न्यायला आल्या. हिराबाईंनी बूट बघून गालावर हात ठेवला. "अगं बाय, काय सुंदर केलाय!" दुर्वाने चिमीला बूट घातले, टेबलावर उभी केली. थोडी मागे सरून पाहिली. मला वाटलं, आता हसणार. मग तिने, लहान मुलं करतात तसंच, लगेच ते बूट काढून पुन्हा घालायला घेतले. डावा बूट काढला, त्यात करंगळीचं टोक घातलं. ते थेट खालपर्यंत गेलं. मग तिने चिमीचे दोन्ही उघडे पाय एकमेकांना लावले आणि बघितले.

"हिचे पाय सेम आहेत."

मी ताटातले मणी गोळा करायला लागले.

"मग ही बूट कशाला घालते?"

तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं आणि मी सगळ्यात वाईट ते दिलं. मी म्हणाले, "तुझ्यासाठी घालते, बाळा."

"म्हणजे नाटक करते," दुर्वा म्हणाली. तिने बाहुली टेबलावर तशीच टाकली आणि चवड्यावर चालत दाराबाहेर गेली. हिराबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि तिच्यामागे गेल्या. जिन्यावरून तो आवाज खाली गेला, एक जड आणि एक हलका.

मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. त्या मांडवात वाटलेली लाज हिच्यापुढे काहीच नव्हती. तेव्हा माझी फक्त चूक झाली होती. इथे मी एका मुलीला तिच्या शाळेतल्या पोरांनी सांगितलं होतं तेच पुराव्यासकट दाखवलं होतं, की सारखं असणं तेवढं चांगलं आणि तुझा बूट म्हणजे वर चढवलेलं सोंग. आणि हे सगळं कशासाठी, तर माझा जोड छान दिसावा म्हणून.

आठ दिवसांनी मी हिराबाईंना फोन केला. दुर्वाने तो शाळेचा बूट लपवला होता. घरभर शोधून कुणालाही सापडत नव्हता. आईने नवीन करायला टाकू म्हटलं, तर ती म्हणाली होती की तोही लपवीन.

"हिराबाई," मी म्हणाले, "मला एकच मार्ग दिसतोय. बाहुलीचा पाय कापायला हवा. खरोखर. म्हणजे तिला बुटाची गरज लागेल."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "देवीला चांदीचा पाय वाहिलाय मी, ताई. पोरीच्या पायासाठी. नवस हाय माजा. आनि आता घरात पाय कापायचा? तुमी काय बोलता हाय?"

त्यांचं खोटं नव्हतं. ज्या घरातून देवीपुढे चांदीचं पाऊल गेलं, त्याच घरात पोरीच्या बाहुलीचा पाय करवतीने कापायचा, हे मलाही ऐकायला बरं वाटत नव्हतं. मी फोन ठेवला. पण मन काही ठिकाणावर येईना. दोन दिवसांत मी नवा जोड केला, त्यातला डावा भरीव रबराच्या जाड तळाचा. काळाच. फुलं नाहीत. उजव्याला तळाशी मण्यांच्या तीन ओळी, डाव्याला पाच. हात सारखा अडत होता. तळाला तळ लावायला हात आपोआप जायचा आणि मी तो मागे घ्यायची. मग आमच्या ह्यांच्या पेटीतलं लोखंड कापायचं पातं रुमालात गुंडाळलं, चिमीला पिशवीत घातलं आणि रिक्षा करून गव्हाणला गेले. हिराबाईंनी बोलावलं नव्हतं, तरी गेले.

दुर्वा ओटीवर बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. या वयात खाली बसणं सोपं नाही, पण वरून बोलण्यासारखं ते बोलणं नव्हतं.

"दुर्वा, मी तुला फसवलं," मी म्हणाले. "बूट आतून पोकळ होता. चिमीला त्याची गरज नव्हती. तुझ्यासारखा बूट तिला खरंच लागायला हवा असेल, तर तिचा पाय थोडा कापावा लागेल. तू सांगितलंस तर कापते. नको म्हणालीस तर चिमीला इथेच ठेवून मी घरी जाते."

हिराबाई दारातून म्हणाल्या, "नको गो बाय, नको."

दुर्वाने विचारलं, "तिला दुखेल?"

ओठांवर आलं होतं, छे, काही दुखत नाही. पण एकदा तोंड पोळलेलं होतं. मी म्हणाले, "ती प्लॅस्टिकची आहे, तिला नाही दुखणार. तुला बघताना दुखेल कदाचित."

तिने चिमीचा डावा पाय बोटाने चाचपून पाहिला. मग आजीकडे वळून म्हणाली, "बाय, देवीला तू चांदीचा पाय दिलास. पण तिला माझा खरा पाय दिसतो ना? तिला माहितीच आहे तो कसा आहे."

हिराबाई आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. त्या हळदीकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या. दसऱ्याला कोयत्या-विळ्याला लावतात तसं त्यांनी त्या पात्याला हळदकुंकू लावलं आणि पातं माझ्या हातात दिलं. "कापताय तर नीट कापा," त्या म्हणाल्या.

"मी धरते," दुर्वा म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी चिमीचा पाय धरला. मी घोट्याच्या वरून उडदाच्या दाण्याएवढ्या रुंदीचं एक कडं कापून काढलं. मग पाऊल वरच्या पायाला चिकटवलं, हवेत धरून वाळवलं आणि सांध्यावर मण्यांची एक पट्टी बसवली. ते कडं जमिनीवर पडलं होतं. दुर्वाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मी ते रुमालात घेतलं. का घेतलं, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुर्वाने चिमीला उजवा बूट घालून उभी केली. चिमी डावीकडे कलंडली. पुन्हा उभी केली, पुन्हा कलंडली. मग तिने डाव्या पायात तो जाड बूट चढवला. चिमी उभी राहिली. दुर्वाने बूट काढला, चिमी पडली. घातला, उभी राहिली. असं पाच-सहा वेळा झालं. मग दुर्वा उठली, चवड्यावर स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शाळेचा बूट होता. तिने तो उलटा केला, त्यातून तांदूळ ओटीवर सांडले. मग खाली बसून पायात घातला आणि पट्टा लावायला आजीपुढे पाय केला.

हिराबाई रडत रडत पट्टा लावत होत्या. मीही रडले, लपवत नाही.

शाळेतल्या पोरांनी चिडवणं लगेच थांबवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. दुर्वाने एकदा चिमीला दप्तरातून शाळेत नेलं आणि वर्गात सगळ्यांसमोर तिला पाडून-उभी करून दाखवलं, असं मला हिराबाईंकडून कळलं. पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की बूट आता रोज पायात असतो.

मूल वाढतं तसा चांगला पाय वाढतो, दुखावलेला मागे पडतो. दुर्वाच्या बुटाचा तळ दर थोड्या काळाने जाड होत गेला. असा तो वाढला की ती चिमीला घेऊन यायची. "आजी, माझा वाढला. हिचा पण करा." आणखी दोनदा मी पातं काढलं, आणखी दोन कडी कापली, दोनदा नवा डावा बूट केला. दर वेळी कडं डबीत जायचं. खिडकीतल्या कपाटात माझ्या मण्यांच्या डब्या रंगांप्रमाणे लावलेल्या आहेत. त्यांतली पिवळ्या झाकणाची डबी त्या कड्यांची झाली. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, की एक दिवस ही परत लागतील.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका इस्पितळात तिच्या मांडीचं ऑपरेशन झालं. हाड मधून कापून मांडीभोवती बाहेरून लोखंडी कडी बसवली, त्यातून तारा हाडात गेलेल्या. त्याला चाव्या असतात, त्या रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे कापलेल्या जागी नवं हाड भरत जातं. दिवसभरात मिळून एक मिलिमीटर. माझा सगळ्यात बारीक मणीही त्याहून मोठा आहे. चाव्या हिराबाई फिरवायच्या, कारण आईला ते बघवायचं नाही. दुर्वा किंचाळायची. हिराबाई मला फोन करून सांगायच्या, "ताई, आज पन फिरवला," आणि फोन ठेवायच्या. दुर्वाने निरोप पाठवला, चिमीला पण कडी हवीत. मी तारेला मणी ओवून चिमीच्या मांडीभोवती चार कडी करून पाठवली. या वेळी फुलं काढायचा मोह झाला नाही.

आणि त्या महिन्यांत मी घरी बसून एक नवा जोड विणत होते. निळा-पांढरा, दोन्ही बूट अगदी सारखे. रोज एखादी ओळ, मुद्दाम हळूहळू. तळाला तळ लावून पाहायची आणि मनाला बरं वाटायचं.

यंदा गणपती झाल्यावर त्या दोघी आल्या. जिन्यावर आवाज ऐकून मी हातातली सुई ठेवली. दोन्ही पावलं जवळजवळ सारखी होती. जवळजवळ. दुर्वा आता बारा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. तिच्या डाव्या बुटाचा तळ बोटभरही नव्हता. ती खुर्चीवर बसली आणि चिमीला माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजी, हिचा पाय आता लांब करायचा."

मी तयारच होते. पिवळ्या झाकणाची डबी काढली, तीन कडी ताटात मांडली, शेजारी तो नवा जोड ठेवला. हिराबाईंनी तोंडावर पदर धरला. दुर्वा त्या कड्यांकडे बघतच राहिली. "तुम्ही ठेवलीत ही?"

"सगळी."

तिने बोटाने दोन कडी माझ्याकडे सरकवली. तिसरं जागेवरच राहू दिलं. "एवढी लावा."

"आणि हे?"

"डॉक्टर म्हणाले, थोडं राहिलंय. तेवढं राहणार."

मला राहवलं नाही. चाळीस वर्षांची खोड एका दिवसात जात नाही. तो सुंदर जोड समोर होता, तिसरं कडंही समोर होतं. मी म्हणाले, "अगं, तुझं राहिलं तर राहू दे. चिमीचा तरी पूर्ण करू या की."

दुर्वाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"आजी, परत?"

मी दोनच कडी लावली. नव्या जोडातला उजवा बूट चिमीला झाला. डाव्याला मी तिथेच बसून खाली मण्यांच्या दोन ओळी आणि रबराचा एक पातळ काप जोडला. दुर्वाने चिमीला उभी केली, मग डावा बूट काढून पाहिला. चिमी कलंडली, पण आधीपेक्षा सावकाश. ते बघून दुर्वा हसली. तिसरं कडं मी पुन्हा डबीत ठेवलं.

निघताना तिने पिशवीतून ऑपरेशनच्या आधीचा तिचा शेवटचा जाड बूट काढला. "हा मला आता लागत नाही. तुमच्याकडे असू दे. तुमचे बूट मी किती नेले."

त्या गेल्यावर मी तो उजेडात धरला. आमच्या धंद्यात बूट बघायचा तो आधी तळाकडून. टाचेची बाहेरची कड तिरपी घासली गेली होती, पुढे चवड्याशी दोनदा टाके घातलेले होते आणि मधला रबर इतका गुळगुळीत झाला होता की त्यावरची नक्षी ओळखू येत नव्हती. पोरीने तो घालून शाळा केली होती, गव्हाणचे रस्ते तुडवले होते, धावलीही असणार. मी तो पुसला नाही. मण्यांच्या कपाटात, माझ्या कोऱ्या बुटांच्या ओळीत, तो तसाच ठेवला आहे.